साहेबांचं तिसरं सारू

व्यक्तिचित्र म्हटलं की वाचणारा आधीच रुमाल काढून बसतो. शेवटी माणूस जाणार, लिहिणारा खिडकीबाहेर बघणार, आणि कुठेतरी एक रिकामी खुर्ची असणार. तर रुमाल ठेवा खिशात. ज्यांच्याबद्दल सांगतोय ते साहेब ठणठणीत आहेत. बडोद्याच्या निजामपुऱ्यात राहतात, संध्याकाळी सोसायटीच्या मीटरच्या पेट्या उघडून बघतात आणि शेजाऱ्यांची बोलणी खातात. ते वीज मंडळात होते म्हटल्यावर तुम्हाला दुसरी शंका आली असेल, की आता टेबलाखालची गोष्ट येणार. तीही येणार नाही. साहेबांच्या टेबलाखाली ट्यूबलाइटचा एक जुना चोक पडलेला असायचा आणि त्याला पाय लागला की साहेब त्याला नमस्कार करायचे. बस, टेबलाखाली एवढंच.

ही नव्वदीतली गोष्ट. देशाची दारं उघडली असं पेपरवाले म्हणत होते आणि बडोद्यात जो उठेल तो कारखाना काढत होता. सयाजीगंजात मी ज्या खोलीत राहायचो तिचा मालकसुद्धा भाडं घ्यायला आला की विचारायचा, भाई, प्लास्टिकच्या बाटल्यांमध्ये काही दम आहे का. मी नवापूरचा. आमच्या शाळेत मी एकाच विषयात पहिला यायचो, तो म्हणजे हेडमास्तरांची नक्कल. त्या विषयाचे मार्क पाठीवर मिळायचे. पुढे बडोद्याच्या मामाने खटपट केली आणि मी मंडळाच्या ऑफिसात ज्युनियर क्लार्क म्हणून चिकटलो. चिकटलो म्हणजे डिंकाने नाही, थुंकीने. अजून कायम व्हायचा होतो.

त्याच सुमारास मंडळाने एक योजना काढली. नवा कारखाना काढणाऱ्याला खांब, तारा सगळं मंडळाच्या खर्चाने, पहिली काही वर्षं बिलात सूट, आणि अर्ज केला की लटकवायचं नाही. ऑफिसात हाहाकार. आजवर लोक विजेसाठी आमच्या दारात उभे राहायचे, आम्ही त्यांना सोमवारी या म्हणायचो, सोमवारी गुरुवारी या म्हणायचो. आता म्हणे आम्हीच त्यांच्या दारात जायचं आणि म्हणायचं, घ्या हो वीज, ताजी आहे. हे काम अंगावर कोण घेणार? सगळ्यांनी साहेबांकडे बोट दाखवलं, आणि साहेबांना वाटलं आपला सत्कार झाला.

ते लग्न जुळवायला निघाल्यासारखे निघायचे. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशात पेनाच्या जागी टेस्टर, स्कूटरच्या डिकीत पेढ्यांचा पुडा. कुणी कारखाना काढायचा नुसता विचार करतोय असं कळलं तरी ते त्याच्या घरी पोचायचे. मुलगी चांगली आहे हो, या सुरात विजेबद्दल बोलायचे. स्वभावाने जरा तापट आहे, पण कामाला वाघीण.

माणसं ते हॉर्सपॉवरमध्ये मोजायचे. आमचे हेडक्लार्क जशुभाई तीन हॉर्सपॉवर, पण स्टार्ट व्हायला त्रास. साहेबांची बायको, म्हणजे आमच्या काकू, साडेसात, आणि वर थ्री फेज. मला पहिल्या दिवशी त्यांनी वरून खाली बघितलं, मागून फिरून बघितलं आणि म्हणाले, "अर्धा." झालं. तेव्हापासून ऑफिसात माझं नाव अर्ध्या. माझ्या मामानेही पुढे तेच धरलं.

आणि त्यांच्या बोटातली ती तार. उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटात लोक अंगठी घालतात, साहेब फ्यूजची तार गुंडाळायचे. पातळ, चकचकीत, चार वेढे. लांबून चांदीची वाटायची. काकूंनी मला एकदा पोह्यांची बशी हातात देता देता सांगितलं की लग्नातली अंगठी लॉकरमध्ये आहे आणि बोटात हे, कुठे फ्यूज उडाला की हे बोटातून काढणार आणि लावणार. म्हणाल्या, माझ्या नवऱ्याचं लग्न रोज कुणाशी तरी लागतं बघ.

याची प्रचिती मांडवीत आली. जशुभाईंच्या भाच्याचं लग्न होतं, रोषणाई अशी की वऱ्हाडी रस्ता चुकावेत. साहेब आले, वरच्या माळांकडे बघितलं, वरबापाच्या हातात आहेराचं पाकीट ठेवलं आणि पहिलं वाक्य बोलले, "मंजूर लोड किती?" साहेबांना म्हणायचं होतं, मंडळाने वीज किती मंजूर केलीय; वरबापाला वाटलं पंगतीचं विचारतायत. तो म्हणाला, तुम्ही बसा तर खरं, कमी पडणार नाही. साहेब बसले नाहीत. बासुंदी सोडून ते रात्रभर फ्यूजच्या पेटीजवळ पहारा देत उभे. त्या लग्नाचा ग्रूप फोटो अजून जशुभाईंकडे आहे. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, साहेब वर. माळेकडे.

आता त्यांचा आवाज सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण आवाजाचं आहे. नाकातून सुरू व्हायचा, टाळूवर थोडा वेळ बसायचा आणि मग बाहेर यायचा. वाक्याची सुरुवात "हे बघा राव" अशी आणि शेवट "काय?" असा. आणि कुणाचं म्हणणं पटलं की गुजरातीत "सारू, सारू, सारू." सारू म्हणजे बरं, ठीक. पण तीनदा, आणि प्रत्येक वेळी व्होल्टेज कमी. पहिलं खणखणीत, दुसरं मिणमिणतं, आणि तिसरं म्हणजे बल्ब गेला.

असा आवाज रोज आठ तास कानावर पडल्यावर माझ्यासारख्याने काय करावं? एका दुपारी कपाटामागे फाइली शोधत होतो. जशुभाईंनी बाहेरून विचारलं, साहेब, चहा मागवू? आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, सारू, सारू, सारू. चहा आला. साहेबांनी न मागवलेला चहा पिऊन टाकला आणि मला आत बोलावलं. मी मनात सामान बांधलं. साहेब म्हणाले, "पहिली दोन बरोबर. तिसरं चुकलं. माझं तिसरं सारू आवाजात नसतंच, ते मानेत असतं." आणि नुसती मान हलवून दाखवली. मला तीनदा करायला लावलं. नक्कल केल्याबद्दल शिक्षा मिळालेली होती, नक्कल सुधारायची शिकवणी पहिल्यांदाच.

तर, सबस्टेशन. मकरपुऱ्याकडच्या औद्योगिक वसाहतीला नवं सबस्टेशन द्यायचं घाटत होतं. म्हणजे जिथून आख्ख्या वसाहतीला वीज वाटली जाते ते ठाणं. साहेबांनी त्याची जागा कधीच नक्की करून ठेवलेली. मोकळं माळरान, पण त्याच्या कडेने स्वतःच्या हाताने कण्हेरी लावलेल्या. एका रविवारी काकूंना फिरायला नेतो म्हणून तिथेच नेलं, आणि लोक नवा फ्लॅट दाखवतात तसं हात पसरून दाखवलं, इथे ट्रान्सफॉर्मर, इथे ब्रेकर, इथून तारा बाहेर. काकू म्हणाल्या, आणि स्वयंपाकघर?

मग वरून अट आली. कारखानदारांचा मेळावा घ्या. त्या दिवशी पुरेशी मागणी नोंदली गेली तर सबस्टेशन तुमचं, नाहीतर दुसऱ्या जिल्ह्याला देऊन टाकू. ते ऐकून साहेब दोन दिवस कुणालाच हॉर्सपॉवरमध्ये मोजेनात, तेव्हा आम्हाला कळलं प्रकरण गंभीर आहे.

सगळी भिस्त एका शेठवर होती. व्हॉल्व्हचा कारखाना, वसाहतीतला सगळ्यात मोठा, आणि आता त्याच्या दुप्पट काढायच्या बेतात. शेठ जिकडे जातील तिकडे बाकीचे जाणार. आणि शेठ सिल्वासाला जमीन बघून आलेले. आमच्यावर त्यांचा राग होता आणि तो रास्त होता. एकदा भट्टीत पितळ वितळलेलं असताना लाइट गेली आणि सगळं पितळ आतच थिजलं. तो भलाथोरला गोळा शेठनी फेकला नाही. ऑफिसच्या दाराशी ठेवला. बाकी सगळ्यांना खुर्ची, मंडळाचा माणूस आला की त्याने त्या गोळ्यावर बसायचं. आमचे भले भले त्यावरून पाच मिनिटांत उठून आले. साहेब जाऊन बसले, त्यावर हात फिरवला आणि म्हणाले, माल उत्तम होता. शेठना हसू आलं, पण त्यांनी ते दाढेखाली दाबलं. हे मी स्वतः बघितलंय, मी उभा होतो. गोळ्यावर एकाचीच सोय होती.

मेळाव्याआधीचा आठवडा साहेबांनी वसाहत पिंजून काढली. लेथ, प्रेस, कटर, सगळं धडधडतंय आणि साहेब शेजारी उभे राहून योजना समजावतायत. मालक बिचारा मशीन बंद करायला जायचा, की साहेब त्याचा हात धरायचे. बंद नका करू, आपण बोलत राहू, युनिट फिरू दे. सहा दिवस त्यांनी मशिनींच्या वर आवाज चढवला. सातव्या दिवशी, म्हणजे मेळाव्याच्या सकाळी, तोंड उघडलं आणि घशातून नुसता वारा.

जशुभाईंनी मीठपाणी आणलं, काकूंनी ज्येष्ठमध पाठवला. वारा तो वाराच. कारखानदार येणार होते ते साहेबांना ऐकायला. हेड ऑफिसहून मोठे साहेब आलेले, पण ते बोलले की ऐकणाऱ्याला आपण काही गुन्हा केलाय असं वाटायचं. जशुभाई स्टेजवर चढले की नाव विसरायचे, स्वतःचं. तेवढ्यात जशुभाईंची नजर माझ्यावर पडली. मग साहेबांची. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं. खरं सांगायचं तर मला गुदगुल्या झाल्या.

हॉलमध्ये स्लाइड दाखवायच्या म्हणून खिडक्यांना काळे पडदे लावलेले. भर दुपारी आत अंधार, फक्त स्टेजवर आणि खुर्च्यांवर दिवे. स्टेजच्या मागेही काळा पडदा. त्याच्या मागे मी, एका हातात माइक, एका हातात टॉर्च, पडद्याला डोळ्यापुरतं भोक. पुढे साहेब, हातात वायर नसलेला माइक. ते तोंड हलवणार, मी बोलणार. साहेबांनी कानात वारा घालून सगळं भाषण मला सकाळीच पढवलेलं, आणि शेवटी बजावलेलं, "पदरचं काही घालू नकोस."

सुरुवात झकास झाली. हे बघा राव, म्हणालो, आणि हॉल खुलला. एकदा साहेब पाणी प्यायला लागले आणि आवाज चालूच, तेव्हा मी पटकन ठसका काढला. पाणी साहेब पीत होते, ठसका मला, लोकांना वाटलं एकाच माणसाचं चाललंय. मग मात्र मला चढली. पुढे दोनशे माणसं हसतायत, मोठे साहेबसुद्धा पोट सावरतायत, अशा वेळी पदरचं न घालणं म्हणजे अन्याय. मी मांडवीच्या लग्नाचा किस्सा घातला. साहेब बिचारे पुढे तोंडाचा चंबू करून माझ्या मागे मागे धावतायत. ‘काय?’ म्हणायचं विसरलो तर ते हाताने करून दाखवायचे.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून शेठ उठले. हाताची घडी तशीच. म्हणाले, खांब दिले, तारा दिल्या, सूट दिली. लाइट जाते त्याचं काय?

भाषणात याचं उत्तर नव्हतं. भोकातून दिसलं, साहेबांनी मागे पडद्याकडे मान वळवलीय, काहीतरी सांगायला बघतायत. पण मी थांबतोय कसला. साहेबांच्या त्या नाकातल्या आवाजात मी छातीठोक सांगितलं, "हे बघा राव, आमच्याकडे लाइट जातच नाही. काय?"

इकडे त्याच क्षणी मागच्या व्हरांड्यात जशुभाईंनी चहाच्या विजेच्या बंबाचं बटण दाबलं. भाषण संपता संपता चहा तयार हवा म्हणून. आधीच हॉलवर दोन मोठे कूलर, स्लाइडचं मशीन, स्टेजच्या माळा, सगळं आम्हीच हौसेने लावलेलं, विजेची शान दिसावी म्हणून. आख्ख्या बडोद्याला मंजूर लोड विचारत फिरणारे आम्ही, त्या हॉलचा लोड कुणी विचारलाच नव्हता. फ्यूज उडाला.

मला काय कळणार? मी आधीच अंधारात. भोकातून काळं दिसलं, वाटलं स्लाइड सुरू झाल्या. माइकमधून आवाज येईना, वाटलं वायर सैल झाली. म्हणून मी पोटातून ओरडून बोलायला लागलो. गच्च अंधारात दोनशे कारखानदार बसलेत आणि साहेबांचा आवाज घुमतोय, अखंड पुरवठा, भरवशाचा पुरवठा, डोळे मिटून मशीन लावा. मध्येच कुणीतरी हसलं. मला वाटलं दाद आहे. मी अजून चढलो.

आणि भक्कन दिवे आले. माइकही जिवंत झाला. दोनशे माणसांनी स्टेजकडे बघितलं. स्टेजवर कुणीच नाही. नुसता एक वायर नसलेला माइक खुर्चीवर पडलेला, आणि हॉलभर साहेबांचा आवाज, "मी इथेच उभा आहे राव, कुठेही जाणार नाही, काय?"

बाजूच्या दारातून साहेब आत आले. डोक्याला कोळिष्टकं, हाताला काजळी, आणि बोटातली तार गायब. अंधार झाल्या झाल्या ते स्टेजवरून उतरून चाचपडत फ्यूजच्या पेटीकडे पळाले होते. त्यांचा आवाज इकडे भाषण ठोकत होता आणि ते तिकडे फ्यूज बांधत होते. कुणीतरी पडदा बाजूला ओढला. मी उजेडात, टॉर्च पेटलेली, तोंड उघडं.

पुढची दोन मिनिटं काय हशा झाला ते सांगता येत नाही. माणसं खुर्च्यांवरून वाकली. फक्त दोघं हसत नव्हते. एक शेठ, आणि एक मोठे साहेब, जे एकदम लाल दिवा झालेले.

चहाच्या टेबलाशी मला उभं करण्यात आलं. चहा कोमट, कारण बंब आता बंद ठेवलेला. मोठे साहेब म्हणाले, या पोराला उद्यापासून काढा, आणि सबस्टेशनचं विसरा. शेजारीच शेठ कप घेऊन उभे. आमचे साहेब पुढे झाले. मला रागवायला तोंड उघडलं. वारा. हात उगारला, तोही अर्ध्यात थांबला. सगळं ऑफिस बघतंय. मग त्यांनी माझी मान धरली, माझा कान स्वतःच्या तोंडाशी नेला, दोन फुंकरा मारल्या आणि बोट हवेत नाचवलं. म्हणजे बोल.

आणि मी, देवाशपथ सांगतो, स्वतःलाच साहेबांच्या आवाजात झापायला लागलो.

"हे बघा राव, हा अर्ध्या एक नंबरचा गाढव आहे," मी म्हणालो. पुन्हा फुंकर. "याला सांगितलं होतं, पदरचं घालू नकोस." फुंकर. "पाणी पिताना ठसका काढतो, मला काय क्षय झालाय?" जशुभाई तोंडावर फाइल धरून भिंतीकडे वळले. मी स्वतःला निर्लज्ज म्हणालो, माकड म्हणालो, मामाच्या नावाला बट्टा म्हणालो, आणि सगळं नाकातून. मोठ्या साहेबांना मध्ये घुसायला जागाच मिळेना. माझ्याइतकं मला कोण बोलणार होतं?

मग साहेब थांबले. बोटातली रिकामी जागा अंगठ्याने चोळली. या वेळची फुंकर हळू होती.

मी तेवढंच मोठ्याने म्हटलं. "आणि खोटं का बोललास? लाइट जाते. गेली की मी येतो. एवढंच सांगायचं होतं."

शेठनी कप खाली ठेवला. साहेबांच्या काजळलेल्या हाताकडे बघितलं, मग गुजरातीत एवढंच म्हणाले, "काले आवजो, साहेब. खुरशी आपीश." उद्या या. खुर्ची देईन.

आणि जशुभाईंच्या खिशातलं पेन काढून टेबलावरच्या अर्जावर सही केली. दुप्पट कारखान्याची मागणी, पूर्ण. मागे बाकीच्यांची रांग लागली. मोठे साहेब सबस्टेशनच्या मंजुरीचं बोलायला लागले, आणि माझ्या नोकरीचं बोलायचं विसरले.

मला वाटलं सुटलो. छे. साहेबांनी पुन्हा मान धरली. अजून बरंच बाकी होतं. मांडवीच्या लग्नात बासुंदी नव्हती सोडली, वाटीत घेऊन उभा होतो, हे का नाही सांगितलंस. ‘काय?’ सात ठिकाणी खाल्लास. आणि मी स्टेजवर नसताना मी स्टेजवर आहे असं पुन्हा कधी म्हणालास तर तंगडं मोडीन. मी एकेक वाक्य त्यांच्या आवाजात स्वतःला ऐकवत होतो आणि ऑफिस मुकाट ऐकत होतं.

शेवटी त्यांनी विचारायला लावलं, परत करशील?

नाही साहेब, मी माझ्या आवाजात म्हणालो.

फुंकर आली. "सारू," मी त्यांच्या आवाजात म्हणालो, खणखणीत. मग जरा मिणमिणतं, "सारू." आणि थांबलो.

तिसरं त्यांनी स्वतः केलं. मानेने.